ऐकून घेणारा कोण?



आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात पावसाळ्याचे दिवस रिकामे जातात. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, बोंबील वाळवायचे बांबूंचे मांडव ओस पडलेले असतात, आणि पुरुषमंडळी ओटीवर बसून जाळी दुरुस्त करीत असतात. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या सुमारास, या दिवसांत गल्लीतले लोक वर्गणी काढून व्हीसीआर भाड्यानं आणीत, आणि एका रात्रीत तीन-तीन सिनेमे उरकले जात. कोणते सिनेमे आणायचे हे पोरांनी ठरवायचं आणि पसंत-नापसंत बायकांनी, असा रिवाज होता.

अशा एका रात्री कोणीतरी 'इत्तेफाक' नावाचा चित्रपट आणला. वेष्टनावर राजेश खन्नाचं चित्र. त्यामुळे सगळे गाण्यांची वाट पाहत बसले. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला, गाणं काही येईना. मागून कुरकुर सुरू झाली. कॅसेटवाल्यानं फसवलं, गाणी कापून दिली, असं एकानं जाहीरही केलं. परंतु गंमत अशी की उठून कोणी जाईना. बाहेर पाऊस, पडद्यावरही पाऊस. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला एक तरुण एका एकट्या बाईच्या घरात शिरलेला आहे, आणि त्या घरात त्याला एक प्रेत दिसतं. तो ओरडून सांगतो आहे की मी प्रेत पाहिलं. लोक येऊन बघतात तर प्रेत नाही. सगळे त्याच्याकडे कीव करून पाहतात. इतक्यात आमच्या गल्लीतली एक म्हातारी, जिला आम्ही सगळे आजी म्हणत असू, एकदम मोठ्यानं बोलली, "अरे, त्याचं कोनीतरी आयका रं!"

पोरं हसली. मीही हसलो. त्या ओरडण्यामागं काय होतं हे समजायला मला बरीच वर्षं लागली. त्याकडे मी मागाहून येईन. आधी या चित्रपटाची कुळकथा सांगतो, कारण ती पुष्कळ दुरून आलेली आहे.

'इत्तेफाक' निघाला १९६९ साली. निर्माते बी. आर. चोप्रा, दिग्दर्शक त्यांचे धाकटे बंधू यश चोप्रा. असं सांगतात की चोप्रांचं 'आदमी और इन्सान' हे चित्र नायिकेच्या आजारपणामुळे खोळंबलं होतं. मंडळी रिकामी बसलेली. त्या अवधीत, सुमारे एका महिन्यात, बहुतांशी एकाच घराच्या सेटवर हे चित्र उरकण्यात आलं. कथा मिळाली ती मुंबईच्याच गुजराती रंगभूमीवरून. प्रवीण जोशी आणि सरिता जोशी यांचं 'धुम्मस' हे नाटक तेव्हा गाजत होतं. सरिताबाई मूळच्या भोसले, मराठी घरातल्या; पण नाव काढलं ते गुजराती रंगमंचावर. आता 'धुम्मस'चं मूळ शोधत गेलं की आपण थेट लंडनला पोहोचतो. माँटी डॉइल नावाच्या नाटककाराचं 'साइनपोस्ट टू मर्डर' हे नाटक तिथं १९६२ साली रंगभूमीवर आलं. १९६४ साली अमेरिकेत त्यावर चित्रपट निघाला. तिथून ते गुजरातीत, आणि गुजरातीतून हिंदी पडद्यावर. म्हणजे विलायती गिरणीकाठचं घर बदलत बदलत मुंबईच्या पावसात आलं. 'धुम्मस' या शब्दाचा अर्थ धुकं. पुढं १९७३ साली बी. आर. चोप्रांनी अगाथा ख्रिस्तीच्या 'द अनएक्स्पेक्टेड गेस्ट' या १९५८ च्या नाटकावरून आणखी एक रहस्यपट काढला, त्याचं नावही 'धुंद', म्हणजे पुन्हा धुकंच. विलायतेहून नाटक आणायचं तर धुक्यासकट आणायचं, असा काही नेम असावा.

एक गोष्ट मराठी श्रोत्यांनी ध्यानात घ्यावी. या चित्रातली नायिका नंदा ही आपल्या मास्टर विनायकांची मुलगी. चोप्रांनी १९६० साली 'कानून' हे खुनाच्या खटल्याचं चित्र काढलं होतं, त्यातही एक गाणं नव्हतं, आणि त्यातही नंदा होती. गोड, सोशिक बहिणीची कामं करणारी म्हणून जिची ख्याती, तिला 'इत्तेफाक'मध्ये निराळ्याच जागी उभं केलं. प्रेक्षक तिच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायला आधीच तयार असतो, आणि दिग्दर्शकानं त्याच विश्वासाचा उपयोग करून घेतला. याहून अधिक सांगत नाही. चित्रपट जुना झाला, २०१७ साली त्याच नावानं नवी आवृत्तीही निघाली, तरीही ज्यांनी पाहिला नसेल त्यांचं रहस्य रेडिओवरून फोडणं हा मला विश्वासघात वाटतो.

आणि इस्पितळातल्या डॉक्टरांच्या भूमिकेत कोण आहेत? गजानन जागीरदार. १९४४ साली 'रामशास्त्री'त ज्यांनी राघोबादादांसमोर उभं राहून निकाल दिला तेच. ज्या नटाला न्यायाधीश म्हणून आपण ओळखतो तो इथं डॉक्टर होऊन रोग्याची तपासणी करतो, हे मला नेहमी सूचक वाटत आलं आहे. कारण या गोष्टीत खरा खटला कोर्टात चालतच नाही. दिलीप नावाचा हा चित्रकार आपल्या बायकोच्या खुनाच्या आरोपावरून पकडला जातो. कोर्टात तो असा भडकतो की त्याला मानसिक तपासणीसाठी पाठवतात. त्या घटकेपासून तो आरोपीही राहत नाही. आरोपीचं म्हणणं निदान लिहून तरी घेतात. वेड्याचं म्हणणं हा रोगाचा पुरावा होतो. तो जितकं कळवळून सांगेल, तितकं त्याचं वेड पक्कं!

आता नाटकाचा आणि पडद्याचा प्रश्न. नाटकातली रहस्यकथा चित्रपटासाठी घेतली की दिग्दर्शकाला पहिला मोह होतो तो दारं-खिडक्या उघडण्याचा. रंगमंचावर एक दिवाणखाना असतो. चित्रपटाला रस्ता हवा, मोटार हवी, डोंगर हवा. यश चोप्रांनी तो मोह बराचसा आवरला. एक घर, एक रात्र, थोडी माणसं. आणि गाण्यांच्या जागी आवाज ठेवले. वाऱ्याचा, पावसाचा, दाराचा, पावलांचा. पार्श्वसंगीत सलील चौधरींचं, पण ते बेताचं. माझं स्पष्ट मत असं की या चित्रपटाचा पाऊण भाग डोळे मिटून ऐकला तरी चालेल. नभोनाट्य ऐकावं तसा. राहिलेला पाव भाग, म्हणजे शेवट, मात्र मला आवडत नाही. तिथं इन्स्पेक्टर कर्वे सगळे धागे जोडून दाखवतात, आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकाचा जुना वास येऊ लागतो. इफ्तेखार यांनी ते काम चोख केलं आहे, तो भाग निराळा. उलगडा व्हायला हवा, हे कबूल. पण ज्याचं कोणी ऐकत नव्हतं त्याचं अखेर ऐकलं गेलं ते तो खरं बोलत होता म्हणून नव्हे. पोलिसांना वस्तुरूप पुरावा सापडला म्हणून. माणसाच्या शब्दाला तिथंही किंमत आलीच नाही.

हा विचार मनात असताना मी महाविद्यालयात विद्यार्थ्यांना एक त्याहून चाळीस वर्षं जुना ब्रिटिश चित्रपट दाखवला. आल्फ्रेड हिचकॉकचा १९२९ सालचा 'ब्लॅकमेल'. हाही नाटकावरून. चार्ल्स बेनेट यांचं त्याच नावाचं नाटक लंडनमध्ये १९२८ साली झालं होतं. हे चित्र सुरू झालं ते मूकपट म्हणून. काम चालू असतानाच बोलपटाचं वारं आलं, आणि निर्मात्यांनी ध्वनी घालायचं ठरवलं. त्यामुळे त्याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक मुकी आणि एक बोलकी. ब्रिटनच्या पहिल्या बोलपटांत त्याची गणना होते.

गोष्ट थोडक्यात अशी. अॅलिस ही तंबाखू आणि वर्तमानपत्रं विकणाऱ्या दुकानदाराची मुलगी. तिचं फ्रँक नावाच्या गुप्त पोलिसाशी लग्न ठरल्यासारखं. एका संध्याकाळी दोघांचं बिनसतं आणि ती एका चित्रकाराबरोबर त्याच्या खोलीवर जाते. तो तिच्यावर जबरदस्ती करू पाहतो. पडद्याआड झटापट होते. तिचा हात बाहेर येतो, पाव कापायची सुरी सापडते, आणि चित्रकार मरतो. इथं 'खून कोणी केला' हा प्रश्नच नाही. आपण सारं पाहिलेलं आहे. पुढं तपास फ्रँककडेच येतो, त्याला तिचा हातमोजा सापडतो, आणि तो मोजा खिशात घालतो. दुसरा मोजा भलत्याच माणसाच्या हाती लागतो, आणि तो पैसे उकळायला येतो.

यातला एक प्रसंग चित्रपटाच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी न्याहारी चालली आहे. शेजारची एक बडबडी बाई रात्रीच्या खुनाविषयी बोलते आहे. खून करावा तर असा करावा, सुरीनं नव्हे, वगैरे. हळूहळू तिचं बाकीचं बोलणं अस्पष्ट होत जातं, आणि 'सुरी' हा एवढा एकच शब्द अॅलिसच्या कानावर घण पडावा तसा पडत राहतो. त्याच वेळी बाप म्हणतो, पाव काप. तिच्या हातातली सुरी उडून पडते. बोलपटाची कला जन्माला येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. बाकीचे लोक ध्वनी म्हणजे संवाद आणि गाणी इतकंच समजत होते. या तरुण दिग्दर्शकानं दाखवलं की एकच आवाज निरनिराळ्या कानांना निरनिराळा ऐकू येतो. आकाशवाणीच्या श्रोत्यांना हे सांगायला नको, पण तेव्हा ते नवं होतं.

आता याहून विलक्षण गोष्ट. अॅलिसचं काम करणारी अॅनी ओंड्रा ही चेकोस्लोव्हाकियाची नटी. मूकपटात तिचं काही अडलं नाही. पण लंडनच्या दुकानदाराची मुलगी परदेशी उच्चारात बोलू लागली तर कसं चालेल? आणि आवाज मागाहून भरण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. तेव्हा असं केलं की जोन बॅरी नावाची इंग्रज नटी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ध्वनिक्षेपकाशी उभी राहून संवाद म्हणे, आणि ओंड्रा कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवी. आपल्याकडे पार्श्वगायन पुढं रुळलं. हे पार्श्वभाषणच म्हणायचं.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, म्हणजे त्या बाईला स्वतःचा आवाजच नाही?" मी क्षणभर थांबलो. कारण चित्रपटाची गोष्टही हीच आहे. अॅलिसला घडलेलं सांगून टाकायचं आहे. ती फ्रँकला सांगू पाहते, तो तिला गप्प करतो. तिच्या प्रेमापोटी म्हणा, स्वतःच्या नोकरीपोटी म्हणा. पैसे उकळणाऱ्याच्या मागं पोलीस लागतात. तो पळत पळत ब्रिटिश म्युझियमच्या घुमटावर चढतो आणि तिथून कोसळून मरतो. तिकडे हा पाठलाग चालला असताना इकडे अॅलिस मनाशी निश्चय करून स्कॉटलंड यार्डात येते. अधिकाऱ्यासमोर बसते. तोंड उघडते. इतक्यात टेलिफोन वाजतो. अधिकारी म्हणतो, फ्रँक, या बाईंचं काय आहे ते तू बघ. संपलं! तिची कबुली कोणी नाकारली नाही, कोणी दडपलीही नाही. ती मांडायला जागाच मिळाली नाही.

हिचकॉकच्या मनात शेवट निराळा होता, असं त्यानं पुढं एका प्रदीर्घ मुलाखतीत सांगितलं आहे. अॅलिसला अटक व्हावी, आणि चित्राच्या आरंभी अट्टल गुन्हेगाराला पकडून आणल्यावर फ्रँक ज्या सराईतपणे सगळे सोपस्कार करतो, तेच त्याला तिच्या बाबतीत करावे लागावेत, असा तो शेवट. तो व्यापाराच्या दृष्टीनं पसंत पडला नाही. पुष्कळांना तो अधिक प्रामाणिक वाटतो. मला नाही वाटत. अटक झाली असती तर निदान जबानी झाली असती, वकील उभा राहिला असता, चित्रकारानं काय केलं ते जगापुढं आलं असतं. प्रत्यक्षात तिला सुटकेबरोबर जन्मभराचं मौन मिळतं, आणि ते त्याहून कठोर आहे.

मराठी माणसाला इथं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवल्यावाचून राहणार नाही. पार्ल्यात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेल्या हौशी मंडळींचं बोलणं कानावर पडलं, त्यावरून विजय तेंडुलकरांना ते नाटक सुचलं. आमच्यापासून पार्लं काही फार लांब नाही. १९६७ साली 'रंगायन'नं ते केलं, १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्याचा चित्रपट केला. तो रहस्यपट नव्हे, हे खरं. पण बेणारेबाईंचं ते शेवटचं लांबलचक स्वगत घ्या. सुलभा देशपांडे ते बोलत तेव्हा प्रेक्षागृह ऐके. रंगमंचावरच्या त्या कोर्टातल्या एकाही माणसाच्या कानांवर मात्र त्यातला शब्द पडत नाही. मुंबईतल्या शाळामास्तरणीची आणि लंडनच्या दुकानदाराच्या मुलीची गाठ इथं पडते.

आता आमच्या आजीचं सांगतो. मी हे वडिलांकडून ऐकलं, तेही ती गेल्यानंतर. तिचा थोरला मुलगा दुसऱ्याच्या होडीवर खलाशी होता. एका वादळात होडी गेली, तिच्याबरोबर तो गेला. सगळा गाव म्हणाला, वादळ. आजी म्हणाली, वादळ नव्हे, होडीची फळी कुजली होती, पोरानं मला दोनदा सांगितलं होतं, मालकालाही ठाऊक होतं. हे ती दारोदार सांगत सुटली. पहिला महिनाभर लोकांनी ऐकून घेतलं. पुढं म्हणू लागले, दुःखानं तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. एकदा हे ठरल्यावर मग सगळं सोपं झालं. ती बोलू लागली की बायका तिला चहा देत, पाठीवरून हात फिरवीत, विषय बदलीत. ती खरं सांगत होती की नाही, मला माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं. होडीचे काही तुकडे किनाऱ्याला लागले होते म्हणतात. ते जाऊन पाहावेत, असं कोणाला वाटलं नाही. मी तिच्या घरापासून चार दारांवर वाढलो, एम. ए. झालो, साहित्यातली स्वगतं शिकवू लागलो. मीही तिला कधी विचारलं नाही.

मला कुतूहल म्हणून मी कायदा काढून पाहिला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात, ज्या काळी त्या लोकांना सरळ 'वेडे' म्हणत त्या काळी, स्पष्ट लिहून ठेवलं होतं की निव्वळ वेडा आहे एवढ्यावरून माणूस साक्षीला अपात्र होत नाही. विचारलेला प्रश्न त्याला कळत असेल आणि समंजस उत्तर देता येत असेल, तर त्याची साक्ष घ्यावी. २०२४ सालच्या जुलैपासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण हे तत्त्व त्यातही कायम आहे. म्हणजे साहेबाचा दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आमच्या गल्लीहून उदार निघाला. अर्थात कायद्यातही आधी कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो.

'इत्तेफाक' आजही पाहायला मिळतो, 'ब्लॅकमेल'च्या दोन्ही आवृत्त्याही मिळतात. जमलं तर 'ब्लॅकमेल' आधी मुका पाहावा आणि मग बोलका. मुक्या आवृत्तीत अॅलिसची आपल्याला कीव येते. बोलक्या आवृत्तीत तिचा राग येतो, अशी बोलत का नाहीस म्हणून. मग आठवतं की तो आवाज तिचा नव्हेच.

तो चित्रपट आजीला दाखवायला हवा होता, असं मला हल्ली वाटतं. त्यातलं इंग्रजी तिला कळलं नसतं. पण तो टेलिफोन वाजला असता तेव्हा ती काय ओरडली असती, ते मला पक्कं ठाऊक आहे.